नवा हेडफोन घेण्याआधी पिन पुसून बघा

मालवणात समुद्राला लागून घर असलं की वायरचा हेडफोन कुरकुरायला लागतो, मग एका कानाचा आवाजच जातो. मी वैतागून महागातला आणला, पावसाळा सरेस्तोवर त्याचीही तीच गत! खाऱ्या, दमट हवेने ३.५ मिमीच्या पिनेवर काळपट थर चढला होता, एवढंच.

१. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या आणि पिन गोल फिरवत पुसा. कापूस काळा येणं थांबेपर्यंत.
२. वाळल्यावर पिन फोनमध्ये पाच-सहा वेळा घालून काढा. आतल्या धातूच्या पट्ट्यांवरचा थरही बराच निघतो.
३. वापर झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. माझा पापडाचा जुना डबा आहे. वास येतो थोडा, चालतं.

कानात घालायचे असतील तर रबरी टोपणं एक माप मोठी लावून बघा. फट राहिली की खालचे सूर गळतात. डबलबारीतल्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातल्या, पखवाजाची धूम मला टोपणं बदलल्यावरच कळली.

अल्कोहोल कानावरच्या गादीला मात्र लावू नका, रेक्झिन तडकतं.