आखाजीला विषय, दिवाळीला गोधडी

मैत्रिणींनी मिळून एकाच विषयावर गोधड्या शिवायचं ठरवलंत, की आखाजीला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, सगळ्यात आधी विषय पक्का करा आणि तो एका ओळीत लिहून सगळ्यांना पाठवा. सुई-दोरा नंतर. ‘निसर्ग’, ‘आठवणी’ असले ऐसपैस विषय टाळाच. त्यात कोणतीही नेहमीची नक्षी खपून जाते आणि डोकं कुणालाच चालवावं लागत नाही. त्यापेक्षा ‘केळी’ घ्या. रावेर-यावलकडची एखादी वाऱ्याने फाटलेल्या पानाच्या झिरमिळ्या करेल, दुसरी केळफुलाची तांबूस पाकळी. तिसरी बुंधा आडवा कापून बघेल, तर तिला एकात एक बसलेल्या चंद्रकोरी दिसतील आणि प्रत्येक कोरीत हवेचे जाळीदार कप्पे. ती जाळी नुसत्या धावदोऱ्याने उतरवता येते, रंगीत तुकडा लागतच नाही. ‘भरिताचं वांगं’ हाही छान विषय आहे, पण त्यासाठी जांभळं कापड शोधत बसू नका. ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आपलं जळगावचं वांगं हिरवट-पांढरं असतं. चुलीवर भाजल्यावरची त्याची काळी साल घ्यायची की आतला गर, हे जिचं तिने ठरवावं.

विषयाबरोबरच नियम बोलून घ्या. माप सगळ्यांचं एकच, पहिल्या वेळी दोन फूट बाय दोन फूट पुरे. मोठी गोधडी ठरवली, तर घरचं सगळं सांभाळून शिवणाऱ्या बाईची ती हमखास मागे पडते. मशीन चालेल का, सासूबाईंचा किंवा आईचा हात लागला तर चालेल का, काम आधी दाखवायचं की शेवटपर्यंत झाकून ठेवायचं, तेही आधीच ठरू द्या. माझ्या मते आईचा हात लागलेला उत्तमच, आणि नंबर मात्र काढूच नयेत.

एक सामाईक कापड प्रत्येकीच्या गोधडीत असलं पाहिजे, ही अट जरूर ठेवा. त्याच्यामुळेच शेवटी सगळ्या गोधड्या एका कुळातल्या वाटतात. ४४ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर कापड चौघींत वाटलं, तर प्रत्येकीला साधारण ११ बाय १९ इंचांचा तुकडा येतो. बाकीचं कापड आखाजीला माहेरी गेलात की आईच्या पेटीतून मागून घ्या. वापरून मऊ झालेलं सुती लुगडं मिळालं, तर आतल्या थरांसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नऊवारीची चौपदरी घडी जवळजवळ दोन मीटर लांब होते, म्हणजे एका लुगड्यात पुरती गोधडी निघते. तुम्हाला तर त्याचा एक कोपराच लागणार आहे. पॉलिस्टरची साडी सुईखाली सरकते, ती चमकेपुरती, बोटभर वापरा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मांडीवर गोधडी घेऊन बसवत नाही. तो महिना धुण्याचा. नवं सुती कापड आधी धुतलंच पाहिजे, नाहीतर ते नंतर आटतं आणि शेजारचं जुनं कापड चुण्या धरतं. लाल, मरून, गडद निळा यांची परीक्षा घ्या: ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून धरा. डाग पडला तर ते कापड पुन्हा पुन्हा वेगळं धुवा, तरी रंग सुटत असेल तर बाजूला काढा. वाळवायचं सावलीत.

कापताना शिलाईची दुमड विसरू नका. चार इंची चौकोन हवा असेल तर साडेचार इंचांचा कापायचा, चारही बाजूंनी पाव पाव इंच आत जातो. ३६ चौकोनांत दोन फुटी गोधडी बसते. दुमड न धरता चार इंचांचेच कापलेत, तर ती २१ इंचांवर येते.

वरचा थर श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत जोडून व्हावा. तिच्या रोटाच्या जेवणासाठी सगळे घरी जमलेले असतात, तेव्हा मोठ्या बायकांकडून टाका बघून घ्या. मग जमीन झाडून थर अंथरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि कच्चे टाके मधून कडेकडे घाला, म्हणजे चुणी बाहेर निघून जाते. दोरा सुती आणि हातभरच, लांब घेतला की गुंततो. बोटाची टोपी घेऊनच बसा. चार थरांतून सुई काढताना बोट सोलतं. पावसाळ्यात दमट कापड पेटीत बंद करू नका.

धावदोऱ्याचं काम पोळा ते नवरात्र या दिवसांत उरका. दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली, की शेतावरच्या मैत्रिणीला सुई हातात धरायला फुरसत नसते. तारखा ठरवताना आधी तिलाच विचारा.

मागच्या बाजूला नाव, गाव, साल आणि विषय दोऱ्याने लिहा. आतलं लुगडं कुणाचं तेही लिहा, पुढे नातवंडं विचारतील. दिवाळीत जमायच्या दिवशी एखादीची गोधडी अर्धी राहिली असेल, तर तिने अर्धीच आणावी. सुया बरोबर ठेवा. दोन फुटांच्या कापडाभोवती चौघी सहज बसतात.