पावसाळ्यानंतर सुरू न होणारी जुनी मोटारसायकल: माझा अनुभव

पावसाळाभर पडवीत उभी असलेली आमची कार्ब्युरेटरची (पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा भाग) शंभर सीसी मोटारसायकल गणपतीत बाहेर काढली, तेव्हा किक मारून पाय दुखला तरी इंजिन दाद देईना. टाकीत पेट्रोल होते, म्हणून प्रथम स्पार्क प्लग काढला, कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवला आणि किक मारली; निळसर, ठसठशीत ठिणगी पडल्याने कॉइल व सीडीआय या ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागांवरचा संशय मिटला. (असे करताना प्लग सिलिंडरच्या उघड्या भोकापासून दूर धरावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.) मात्र इतक्या किका मारूनही प्लग कोरडा होता, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोहोचतच नव्हते.

कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल केल्यावर उग्र वासाचे पिवळट पेट्रोल आणि पाण्याचे थेंब निघाले. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषते आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! कार्ब्युरेटर उतरवला, तर मेन जेट (पेट्रोल सोडणारा मुख्य पितळी भाग) स्वच्छ होता, पण पायलट जेटचे (इंजिन संथ चालताना पेट्रोल सोडणारा छोटा जेट) केसाएवढे भोक चिकट थराने बुजले होते, आणि थंड इंजिन सुरू होताना मुख्य मदार त्याच्यावरच असते. तार घातल्यास पितळेचे भोक मोठे होऊन मिश्रण बिघडते, यासाठी जेट कार्ब क्लीनरने भिजवून हवेच्या दाबाने साफ केला. हवेचे प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्यापूर्वी त्याचे फेरे मोजून ठेवले होते, तेवढेच परत दिले. टाकीत ताजे पेट्रोल भरून चोक ओढताच इंजिन सुरू झाले. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा संथ वेग) मात्र ते नीट तापल्यावरच बसवले.