घोडीच्या पायावरच्या पावसाळी खपल्या: माझा अनुभव

माथेरानच्या पावसात माझ्या घोडीच्या मागच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या खळगीत, खपल्या धरल्या. खाली ओलसर, लाल कातडी. हात लावला की पाय झटकायची. हळद-खोबरेल झालं, रोज पाइपने धुणं झालं, कोरड्या खपल्या ओढूनही काढल्या. दीड महिन्यात जीव मेटाकुटीला आला. रोजच्या धुण्याने कातडी सुकतच नव्हती, तेलाखाली ओल कोंडत होती.

पशुवैद्यांनी सांगितलेला क्रम असा: आधी तिथले केस कातरले. मग कोमट पाण्यात क्लोरहेक्सिडिन स्क्रबचा (जंतुनाशक साबणासारखं द्रावण) फेस करून लावला, १० मिनिटं तसाच ठेवला. मऊ पडून आपसूक सुटल्या तेवढ्याच खपल्या काढल्या, फेस पूर्ण धुतला. मग सुती फडक्याने टिपून कोरडं केलं. सगळं यावरच अवलंबून आहे. खळगीत बोट फिरवून ओल बघायची, जरा जरी लागली तर पुन्हा टिपायचं. शेवटी सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक मलमाचा पातळ थर.

हे दिवसाआड. मधल्या दिवशी पाणी नाहीच. चिखल वाळला की मऊ ब्रशने झाडायचा. रात्री पायाखाली कोरडा भुसा.

बाराव्या दिवसापासून नवी खपली नाही. पाय सुजला किंवा जनावर लंगडलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर बोलवा.