स्पॅनिशमधली पेरणी: 'सेम्ब्रार' वर्तमानकाळात कसं चालवायचं

शेतीवर स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलायची असतील, तर 'सेम्ब्रार' हे क्रियापद लवकर पक्कं करा. सोयाबीनची पेरणी असो की पऱ्हाटीची टोबणी, दोन्हीला हेच चालतं.

आधी शेवटचं 'आर' काढा. उरलेल्या 'सेम्ब्र'ला ओ, आस, आ, आमोस, आइस, आन हे प्रत्यय लावा. आता खरी मेख: जोर मुळातल्या 'ए'वर पडला, की त्याचा 'इए' होतो. म्हणून मी 'सिएम्ब्रो', तू 'सिएम्ब्रास', तो किंवा ती 'सिएम्ब्रा', ते 'सिएम्ब्रान'. 'आम्ही'च्या रूपात जोर पुढं 'ब्रा'वर सरकतो, म्हणून 'सेम्ब्रामोस'. स्पेनमधल्या अनेकवचनी 'तुम्ही'चं 'सेम्ब्राइस'ही तसंच. लॅटिन अमेरिकेत ते वापरत नाहीत, तिथं 'उस्तेदेस सिएम्ब्रान' म्हणतात. वडीलधाऱ्या एका माणसाला 'उस्तेद सिएम्ब्रा'.

पहिली तीन रूपं पाठ झाली, की जीभ आपोआप 'सिएम्ब्रामोस' म्हणते, आणि ते चूक आहे. रूपं नुसती घोकू नका, जोर देऊन मोठ्यानं म्हणा. अर्जेंटिनात 'तू'साठी 'वोस सेम्ब्रास' म्हणतात. जोर शेवटी, म्हणून 'ए' तसाच. नियम जोराचाच आहे, हे इथं स्वच्छ दिसतं.

पेरतो आणि पेरते, दोन्हीला 'सिएम्ब्रो'च; लिंगानं रूप बदलत नाही. कर्ता रूपातूनच कळतो. दरवेळी 'यो', म्हणजे 'मी', लावलं, तर 'मीच पेरतो' असा ठसका येतो. नकाराचा 'नो' मात्र क्रियापदाच्या आधी: 'नो सिएम्ब्रो', पेरत नाही. मराठीच्या सवयीनं तो मागं जातो, तिकडं लक्ष ठेवा.

'मान्याना सिएम्ब्रो सोखा' म्हणजे 'उद्या सोयाबीन पेरतो'. ठरलेल्या कामाला वर्तमानकाळ आपल्यासारखाच चालतो.

एक अडचण राहते. 'सेम्ब्रामोस' हेच रूप भूतकाळातही 'आम्ही पेरलं' म्हणून येतं. नुसतं 'सेम्ब्रामोस एन खुनिओ' म्हटलं, तर ऐकणारा गेल्या जूनमधली पेरणी समजू शकतो. म्हणून 'तोदोस लोस आन्योस', म्हणजे दरवर्षी, जोडा: 'आकी सेम्ब्रामोस आल्गोदोन एन खुनिओ तोदोस लोस आन्योस'. आकी म्हणजे इथं, आल्गोदोन म्हणजे कापूस.

ओलिताचं 'रेगार' याच चालीनं जातं: रिएगो, रिएगास, रिएगा, रेगामोस, रेगाइस, रिएगान.