न्यूझीलंडची दोन बेटं, एक सुट्टी: आधी समुद्र ओलांडायचं ठरवा

‘सात दिवसांत दोन्ही बेटं’ असा कार्यक्रम कुणी हातात ठेवला, तर तो तसाच परत करा. ऑकलंड ते क्वीन्सटाउन रस्ता जवळपास दीड हजार किलोमीटर, आणि मधे समुद्र. दहा दिवसांहून कमी सुट्टी असेल तर एकच बेट करा, पण नीट करा. दोन्ही बेटं गाडीने पाहायची तर निदान दोन आठवडे हवेत.

व्हिसा, विमा, गरम कपडे हे तुम्हाला सांगायला नको. महिना मात्र विचार करून निवडा. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे हिवाळा दाराशी आलेला असतो. दिवाळीत वसंत असतो, पण उंचावर बर्फ उरलेला असतो. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत त्यांच्याच शाळांना सुट्टी, त्यामुळे गर्दी आणि भाव दोन्ही चढे. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्च. यावर मी वाद घालत नाही.

विमानाचं तिकीट काढताना ऑकलंडला उतरा आणि क्राइस्टचर्चहून परत निघा. सिंगापूरमार्गे दोन्ही शहरांना विमानं आहेत. चार पैसे वाचतात म्हणून ऑकलंडहूनच परतीचं तिकीट घेणारे शेवटी पुन्हा उत्तरेला येण्यात ते पैसेही घालवतात आणि दिवसही.

आता खरी गोम. उत्तर बेटाचं वेलिंग्टन आणि दक्षिण बेटाचं पिक्टन यांच्यामध्ये कूकची सामुद्रधुनी आहे. बोटीला साधारण साडेतीन तास लागतात. एवढंच वाचून लोक कार्यक्रमात ‘सकाळी वेलिंग्टन, रात्री क्राइस्टचर्च’ लिहून मोकळे होतात. गाडी घेऊन चढायचं तर तासभर आधी रांगेत लागावं लागतं. पलीकडे उतरायलाही वेळ जातो, आणि पिक्टनहून क्राइस्टचर्च अजून सव्वातीनशे किलोमीटरच्या वर आहे. बोटीचा दिवस हा पूर्ण दिवस धरा. त्या रात्री पिक्टनला किंवा अर्ध्या तासावरच्या ब्लेनमला मुक्काम करा. त्यापुढे जाऊ नका.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. पश्चिमेचे वारे दोन्ही बेटांच्या डोंगरांमधल्या या फटीतून जोराने घुसतात. लाटा चढल्या की फेऱ्या रद्द होतात, आणि हंगामात गाडीसह पुढची जागा मिळायला कधी कधी काही दिवस लागतात. त्यात 2025 मध्ये या मार्गावरची ‘आराटेरे’ ही बोट निवृत्त झाली, म्हणजे जागा आणखी कमी. म्हणून विमानाचं तिकीट हाती आलं की हॉटेलं बघायच्या आधी बोट बुक करा. आणि दुसऱ्या दिवशी पैसे परत न मिळणारं काहीही ठरवू नका. क्राइस्टचर्चच्या वाटेवरच्या काइकोउराला व्हेल बघायची बोट तर नाहीच. तिच्यासाठी एक दिवस सोडा.

तिसरी गोष्ट गाडीची. भाड्याची प्रत्येक गाडी बोटीवर नेता येत नाही. काही कंपन्या वेलिंग्टनला गाडी सोडायला सांगतात आणि पिक्टनला दुसरी देतात. याला लोक वैतागतात. माझं मत उलट आहे: अशी अदलाबदल मिळत असेल तर तीच घ्या. चालत चढणाऱ्याचं तिकीट स्वस्त असतं, बोट रद्द झाली तर त्याला पुढची जागा लवकर मिळते, आणि अगदीच अडलं तर वेलिंग्टनहून ब्लेनमला छोटं विमान आहे. गाडी अडकली की तुम्हीही अडकलात. फक्त हे सगळं आधी लेखी विचारून घ्या. बोटी चालवणाऱ्या दोन कंपन्यांचे धक्केही वेगवेगळे आहेत, तिकिटावरचा पत्ता वाचा.

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना इथे बोट लागणारच. गोळी चढण्याआधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे. फेरी दिवसाचीच घ्या. शेवटचा तासभर बोट मार्लबरो साउंड्स या खाड्यांमधल्या हिरव्या डोंगरांमधून जाते. रात्री ते पैसे काळोखात जातात.

सुट्टी दहा ते तेरा दिवसांची असेल तर बोटीचा नाद सोडा आणि उत्तर बेटाहून विमानाने क्राइस्टचर्चला उडा.

उत्तर बेट सोपं आहे: वायटोमोच्या चमकत्या अळ्यांच्या गुहा, रोटोरुआची उकळती जमीन, टोंगारिरोचा जवळपास वीस किलोमीटरचा ट्रेक. हा ट्रेक एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतो, त्यामुळे बसची सोय आधी करा. हवा बिघडली तर निमूट रद्द करा. सह्याद्रीत पावसात ट्रेक केल्याचा अनुभव तिथल्या ज्वालामुखीवर कामाला येत नाही.

दक्षिणेत क्राइस्टचर्च, टेकापो, 3,724 मीटर उंचीच्या आओराकीचा (माउंट कुकचा) पायथा, क्वीन्सटाउन, ‘ते आनाउ’ हे गाव आणि मिलफर्डची समुद्रखाडी असा क्रम ठेवा. बंजी उडी मारायची तर क्वीन्सटाउनजवळच्या कावारौ पुलावर, उंची 43 मीटर. 1988 पासून हा धंदा तिथे चालू आहे.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. एकेरी पुलावर तुमच्या बाजूचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबा आणि समोरच्याला येऊ द्या. चकली-लाडू नेत असाल तर प्रवेशाच्या फॉर्मवर लिहा. लपवलेलं खाणं सापडलं तर चारशे न्यूझीलंड डॉलर दंड. मध नेऊच नका.

मिलफर्डला क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येणारे बसमध्ये झोपतात. ‘ते आनाउ’ला राहा, तिथून दोन तासांचा रस्ता आहे. टाकी तिथेच भरा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण पुढे रेंज नसते. दिवाळीत गेलात तर निघण्याआधी रस्ता उघडा आहे ना ते पाहा. हिमकडे कोसळण्याचा धोका असला की तो बंद ठेवतात.