लाडवातला डिंक ॲसिडात लोखंड वाचवतो का, स्वतः वजन करून बघा

गंज काढायला लोखंड ॲसिडात बुडवतात, त्याला वर्कशॉपमध्ये पिकलिंग म्हणतात, गॅल्व्हनायझिंगच्या, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या, आधी तर हे करावंच लागतं. घोळ असा की ॲसिड गंज खाऊन थांबत नाही, खालचं चांगलं लोखंडही खायला लागतं. म्हणून त्यात इनहिबिटर, म्हणजे ॲसिडाचं धातू खाणं मंदावणारा पदार्थ, टाकतात, आणि बाभळीचा डिंक ते काम करू शकतो. डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी, तिच्यावर जागोजागी ऑक्सिजन असतो, तिथून ती धातूला चिकटते आणि एकच साखळी बरीच जागा झाकते.

आधीच सांगते, हा रंग नाही. गेटला डिंक फासाल तर पहिल्याच पावसात धुऊन जाईल.

हे कॉलेजच्या लॅबमध्येच करा, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, गॉगल आणि ग्लोव्हज घालून, जवळपास बर्नर नको कारण हायड्रोजन सुटतो.

बाभळीचा डिंक 2 ग्राम कुटून अर्धा लिटर कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. कतिरा अजिबात नको, तो फुगून बसतो, धावड्याचाही पूर्ण विरघळत नाही. मग मलमलच्या कपड्यातून गाळाच, मी पहिल्यांदा गाळलं नव्हतं तर एक गोळा पट्टीला चिकटून बसला आणि त्याच्याखाली वेगळाच डाग पडला, सगळं रीडिंग वाया. पाणी त्याच दिवशी वापरा, ठेवलं की त्यात बुरशी धरते.

ॲसिड म्हणजे 37 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक, 5 भाग पाण्यात 1 भाग, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. थंड होऊ द्या. आता दोन बीकरमध्ये 50-50 मिली ॲसिड, एकात 50 मिली डिंकाचं पाणी, दुसऱ्यात 50 मिली साधं डिस्टिल्ड वॉटर. हे साधं पाणी बरेच जण विसरतात, मग एका बीकरमध्ये ॲसिडच जास्त तेज राहतं आणि तुलनेला काही अर्थ उरत नाही.

एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, एकाच पत्र्यातून कापलेल्या सारख्या मापाच्या पट्ट्या घ्या. पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, ॲसिटोनने पुसा, त्यानंतर बोट लावू नका, मिलिग्राम दाखवणाऱ्या काट्यावर वजन लिहून घ्या आणि दोन्ही बीकरमध्ये एकेक पट्टी दोऱ्याने 6 तास लटकवा. साध्या ॲसिडातल्या पट्टीवरून बुडबुड्यांच्या माळाच्या माळा वर येताना दिसतील, डिंकवालीवर मात्र बुडबुडे कमी, आणि तो फरक बघायला मला अजून मजा येते.

काढल्यावर वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा, ॲसिटोन, कोरडं करून लगेच वजन. समजा साधी पट्टी 120 मिलिग्रामने घटली आणि डिंकवाली 30 ने, तर 120 वजा 30 भागिले 120 गुणिले 100, म्हणजे 75 टक्के बचाव. एका जोडीवर विश्वास ठेवू नका, तीन तरी करा. ॲल्युमिनियम किंवा पितळेला हाच आकडा लावू नका, प्रत्येक मिश्रधातूची वेगळी टेस्ट करावी लागते.

उरलेल्या ॲसिडात खायचा सोडा थोडा थोडा टाकत राहा, फसफस पूर्ण थांबली की मगच लॅबच्या वेस्टच्या कॅनमध्ये. पट्ट्या ठेवायच्या असतील तर लगेच तेलाचा हात फिरवा, ॲसिडातून निघालेलं लोखंड बघता बघता तांबूस पडतं.