वर्धा नदीच्या अल्याड की पल्याड? विदर्भातल्या पूर्वजांचा इंग्रजी अमदानीतला माग

पणजोबांची नोंद शोधायला निघालेला माणूस आधी आडनाव घेऊन कचेरीत जातो, आणि तिथंच घोडं अडतं. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या कागदांत आडनाव बऱ्याचदा नसतंच. असतं ते ‘सखाराम वल्द तुकाराम, कुणबी, मौजा अमुक’ एवढंच. म्हणून आधी गाव पक्कं करा आणि ते त्या साली कोणाच्या अमलाखाली होतं ते बघा. कोणतं दप्तर कुठं मिळेल हे त्यावरच ठरतं.

वर्धा नदी ही जुनी सरहद्द. पलीकडे पश्चिमेला वऱ्हाड. ते १८५३ च्या तहानं निजामानं इंग्रजांकडे सोपवलं आणि १९०३ पर्यंत त्याचा कारभार हैदराबादचा रेसिडेंट बघत होता. अलीकडे पूर्वेला नागपूरचं भोसल्यांचं राज्य. ते १८५४ मध्ये खालसा झालं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेलं. दोन्हींची सोयरीक चालू राहिली, पण कागद वेगळे. नवरदेव आर्वीकडचा आणि नवरी तिवसा-धामणगावकडची असेल तर एकाच लग्नाची दोन घराणी दोन राजवटींत शोधावी लागतात.

त्यात जिल्हेही बदलले. पुसद १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होतं. यवतमाळ जिल्ह्याचं नाव आधी वणी होतं, इंग्रजी कागदात ‘वूण’. अचलपूर हा स्वतंत्र जिल्हा होता, ‘एलिचपूर’ नावानं. गडचिरोली १९८२ पर्यंत चांद्यात म्हणजे आजच्या चंद्रपुरात, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात. इंग्रजी सूचीत शोधताना वाशीमला ‘बासिम’, यवतमाळला ‘येओत्मल’, अमरावतीला ‘अमरावटी’ किंवा ‘उमरावटी’ असं वाचून बघा. आजच्या स्पेलिंगनं शोधलं की ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं आणि लोक तिथंच हात टेकतात.

आता घरापासून मागे चला. पहिली पायरी आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. त्यात बापाचं नाव, जात आणि गाव मिळतं. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. गुरुजींनी अंदाजानं टाकलेली १ जुलै कित्येक गावांत निम्म्या पोरांची जन्मतारीख असते.

दुसरी पायरी कोतवाल बुक, आणि खरा ऐवज इथंच आहे. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद या वहीत ठेवून ती पोलीस ठाण्यात कळवायचा. पश्चिम महाराष्ट्राकडचे लोक जिला गाव नमुना १४ म्हणतात, तीच जातकुळी. आज ही बुकं बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात मौजाचं नाव, पूर्वजाचं व त्याच्या बापाचं नाव, जात, तुमचं नातं आणि सालांचा पट्टा लिहा, वर कोर्ट फी तिकीट लावा. पट्टा पाच वर्षांचाच द्या. ‘१८९० ते १९४०’ असा अर्ज केला की ‘नोंद आढळून येत नाही’ हेच उत्तर मिळायचं, कारण पन्नास वर्षांच्या वह्या कोणी चाळत बसत नाही. शक्य असेल तर नक्कल मागण्याआधी वही बघायची परवानगी मागा. ‘जीर्ण’ म्हणून परत पाठवलं तर ते लेखी घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तोच अर्ज द्या. तिथंही उत्तर नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत.

बुक वाचताना तीन गोष्टी हमखास फसवतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव. तेव्हा भावंडांचा क्रम लावून, वयं जुळवूनच पणजोबा कोणता ते ठरतं. दुसरं, तारीख कधी घटनेची तर कधी ठाण्यात कळवल्याची असते. आठ-पंधरा दिवसांचा फरक सोडून द्या. तिसरं, लिपी. वऱ्हाडातल्या जुन्या वह्या मोडीत सापडतात, पूर्वेकडे काही ठिकाणी हिंदी वळण येतं. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकीन’ म्हणजे राहणार. मोडी येत नसेल तर सबंध पान वाचायच्या भानगडीत पडू नका. गावाचं, बापाचं आणि जातीचं नाव मोडीत कसं दिसतं ते कागदावर उतरवून न्या आणि तेवढीच आकृती शोधा. कागदावर फसली साल, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचं साल, असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवा.

मृत्यूच्या नोंदींसाठी तीन साली आधी बघा: १८९७, १९०० आणि १९१८. पहिल्या दोन दुष्काळाच्या, तिसरी इन्फ्लुएंझाची. अख्खं कुटुंब एकाच पानावर मिळतं. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असलं तरी १९१८ च्या दिवाळीच्या आगेमागे तो बहुधा तोच ताप.

तिसरी पायरी जमीन. पूर्व विदर्भात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा; म्हणून तिथं बंदोबस्त मिसल, म्हणजे सारा ठरवतानाची गावाची फाईल, मागा. तिच्यातल्या जमाबंदीत काश्तकाराचं म्हणजे कसणाऱ्याचं नाव, बाप आणि जात असते, खेवट नावाच्या यादीत मालगुजार घराण्याचे हिस्से. मालगुजारी गेल्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा दुवा सोडू नका. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा; म्हणून तिथं जुने सर्व्हे नंबर आणि फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) मागत मागे जा. गाव रिठी असेल, म्हणजे उजाड, तरी महसुली दप्तरात त्याचं नाव मौजा म्हणून जिवंत असतं. काही जिल्ह्यांची जुनी पानं ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवली आहेत, आधी तिथं बघा. एक भ्रम मात्र काढून टाका: इंग्रजांच्या जनगणनेत आपल्या घराचा कागद मिळणार नाही. छापलेले तक्ते उरले, घरोघरचे फॉर्म जतन केले गेले नाहीत.

पणजोबा पलटणीत, रेल्वेत किंवा मिशनमध्ये असतील तर रस्ता लंडनकडेही जातो. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न व दफनाच्या नकला आहेत. एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई अशा मालिका. नागपूर मध्य भारतात, म्हणून बंगाल बघून थांबू नका. कामठीची छावणी मद्रासच्या फौजेची होती, तिथल्या नोंदींसाठी एन-२ सुद्धा उघडा. हीच पानं फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानातली घराणी शोधणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट शोधता येते. हे सगळं ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घराण्यांच्या कामाचं. पण पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलेला हिंदी शिपाई कुठल्याही जातीधर्माचा असो, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या मोफत यादीत असू शकतो. तिथं नावापुढं कधी कधी बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो.

दफनाच्या जागेवर जायचं तर पौष ते फाल्गुन जा. श्रावण-भादव्यात कबरी गवतात बुडालेल्या असतात आणि साप असतात. चर्चच्या फादरांची किंवा छावणी मंडळाची परवानगी आधी घ्या. कोरीव अक्षरं भर दुपारी वाचू नका; सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळतीला तिरपा प्रकाश पडतो तेव्हा वाचा. सावलीतल्या दगडावर बाजूनं आरशानं उजेड टाकला तरी चालतं. साफ करायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू काही नको. चांद्याकडचा वाळूचा दगड त्यानं पापुद्र्यासारखा सुटतो. संगमरवरावरची शिशाची अक्षरं गळाली असतील तर ती बसवायची बारीक भोकं उरतात, भोकांच्या ठेवणीवरून अक्षर ओळखता येतं. फोटो चारही बाजूंनी काढा, एकात पट्टी ठेवा, शेजारच्या दोन कबरींची नावंही टिपा. दगडावर मृत्यूची तारीख असते, रजिस्टरात दफनाचीही. उन्हाळ्यात दोन्हींत एखाद्या दिवसाचंच अंतर सापडेल, त्याहून जास्त दिसलं तर नक्कल करणाऱ्याची चूक धरा.

महानुभाव, लिंगायत आणि गोसावी घराण्यांत माती देण्याची रीत आहे. बहुतेक समाध्यांवर नाव नसतं, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांकडून ती कोणाची आणि तो माणूस कोणाच्या मागून वारला एवढं लिहून घ्या. मेळघाटात कोरकू आदिवासींचे सागवानी मुंडे, म्हणजे मृतांच्या आठवणीचे खांब, उभे दिसतात, त्यावर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरलेले, अक्षर एकही नाही. मुंडा कोणाचा हे घरच्यांनी सांगितलं की मृत्यूचं साधारण साल विचारा, आणि त्याच सालचं कोतवाल बुक काढायला धारणी किंवा चिखलदरा तहसील गाठा.